संशयिताची साक्ष : संगणकविषाणूंच्या निदानाचा इतिहास

बंगळुरूहून होसूरच्या दिशेने निघाले, की इलेक्ट्रॉनिक्स सिटीच्या पुढे बोम्मसंद्रा ही औद्योगिक वसाहत लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोच्या पिवळ्या मार्गिकेचे हे अखेरचे स्थानक. येथून जिगणीकडे जाणाऱ्या जोडरस्त्यावर बायोकॉनचा परिसर आहे. सूक्ष्मजीवांकडून औषधी द्रव्ये बनवून घेणे हा या कंपनीचा व्यवसाय. अशा उद्योगात किण्वनपात्रात परका जीवाणू शिरल्याची शंका आली, तर पात्राकडे नुसते पाहून कोणी निर्णय देत नाही. पात्रातील नमुना बाहेर काढतात, निर्जंतुक केलेल्या पोषक माध्यमावर पसरतात आणि तेथे काय वाढते ते पाहतात. रॉबर्ट कॉख यांनी १८८० च्या दशकात रूढ केलेल्या या पद्धतीचे मर्म थोडक्यात सांगता येते : संशयित वस्तूची परीक्षा तिच्या स्वतःच्या आवारात करू नये, स्वच्छ जागी करावी.

आता याच गावातल्या, किंवा आपल्या घरातल्या, एका वेगळ्या शंकेचा विचार करू. विद्यार्थ्याच्या हातातला टॅबलेट एकाएकी मंदावतो. न मागता जाहिराती उघडतात, बॅटरी दुपारपर्यंत संपते, कधी न घेतलेले ॲप पडद्यावर दिसते. मालवेअर शिरले असेल का? अशा वेळी बहुतेक जण त्याच टॅबलेटवर एखादे ‘सफाई’ करणारे ॲप उतरवतात आणि ‘आपले यंत्र सुरक्षित आहे’ असा हिरवा शेरा उमटला की निश्चिंत होतात. हे म्हणजे ज्याच्यावर संशय आहे त्यालाच साक्षीला उभे करून, त्याच्या शब्दावर खटला निकालात काढण्यासारखे झाले. संगणकशास्त्राला या चुकीची जाणीव आज झालेली नाही. आयबीएम पीसीवरील पहिल्याच विषाणूने ती करून दिली होती.

हा विषाणू १९८६ मध्ये लाहोरहून पसरला. बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांनी तो लिहिला आणि त्यात आपल्या व्यवसायाचे नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांकही घातले. ‘ब्रेन’ या नावाने तो ओळखला जातो. फ्लॉपी चकतीचा पहिला विभाग, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी वाचला जाणारा भाग, हा विषाणू बळकावत असे आणि तेथील मूळ मजकूर चकतीवर दुसरीकडे हलवत असे. त्याची खरी करामत मात्र पुढेच होती. विषाणू स्मृतीत बसलेला असताना कोणी तो पहिला विभाग तपासायला गेले, तर ‘ब्रेन’ ती विनंती मध्येच अडवून हलवलेला मूळ मजकूर समोर ठेवी. तपासणाऱ्याला सारे काही यथास्थित दिसे. यंत्र खोटी साक्ष देत होते, आणि तीही अत्यंत सुसंगत!

यावरचा तोडगा साधा होता आणि म्हणूनच टिकला. स्वच्छ असल्याची खात्री असलेली एक फ्लॉपी जवळ ठेवायची आणि तिच्यावर काहीही लिहिले जाऊ नये अशी सोय करायची. सव्वापाच इंची चकतीच्या कडेला एक खाच असे. तिच्यावर चिकटपट्टी लावली की चकती फक्त वाचता येई. मग संशयित संगणक पूर्ण बंद करायचा. नुसती तीन कळा दाबून पुन्हा सुरू करणे पुरेसे नसे, कारण काही विषाणू त्या कळांचीही नक्कल करून स्मृतीत टिकून राहत. वीज तोडली की स्मृती कोरी होई. त्यानंतर त्या स्वच्छ फ्लॉपीवरून संगणक सुरू करायचा आणि मगच चकती तपासायची. आता तपासणी करणारी आज्ञावली वेगळी आणि तपासला जाणारा माल वेगळा. कॉख यांच्या काचेच्या तबकडीने जे काम केले, तेच येथे चिकटपट्टी लावलेल्या फ्लॉपीने केले.

भारतात हे ज्ञान विद्यापीठांच्या बरोबरीने दुरुस्तीच्या दुकानांतही रुजले. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण पुण्यातले. मूळ सातारा जिल्ह्यातील कुटुंबातले कैलास काटकर यांनी दहावीनंतर कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे काम धरले आणि १९९० च्या सुमारास स्वतःचे छोटे दुकान थाटले. पुढे तेथे संगणकही दुरुस्तीला येऊ लागले. त्यांचे धाकटे बंधू संजय पुण्याच्या मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीला आलेल्या अनेक यंत्रांचे सुटे भाग ठीक असत, दुखणे विषाणूचे असे. संजय यांनी ते काढून टाकणाऱ्या लहान लहान आज्ञावल्या लिहिल्या. एकेका दुखण्यावरच्या या औषधांचे एकत्रित उत्पादन करावे, हा विचार त्यातूनच निघाला आणि १९९५ मध्ये ‘क्विक हील’ बाजारात आले. कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस या नावाने चालणारी ही संस्था २००७ मध्ये क्विक हील टेक्नॉलॉजीज झाली आणि २०१६ मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात नोंदले गेले. या यशोगाथेत आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा तपशील एकच : या औषधाचा जन्म निदानाच्या गरजेतून झाला. बिघाड यंत्राच्या भागांत आहे की आज्ञावलीत, हे ओळखल्याखेरीज कारागिराला पुढे जाताच येत नव्हते.

निदान महत्त्वाचे का, हे त्याच काळातल्या एका गाजलेल्या प्रकरणाने दाखवून दिले. १९९१ मध्ये सापडलेला ‘मायकेलएंजेलो’ हा विषाणू ६ मार्च रोजी, म्हणजे त्या चित्रकाराच्या जन्मदिनी, चकतीवरील माहिती पुसून टाकणार असल्याचे कळले. १९९२ च्या त्या दिवसापूर्वी जगभरच्या वृत्तपत्रांनी लक्षावधी संगणक बळी पडतील अशी भाकिते छापली. प्रत्यक्षात नुकसान काही हजार यंत्रांच्या पातळीवर राहिले. रोग खरा होता, साथीचा अंदाज मात्र भीतीने फुगवलेला होता. आजही मंदावलेल्या प्रत्येक टॅबलेटमध्ये मालवेअर नसते. साठवणुकीची जागा भरत आली, बॅटरी जुनी झाली, किंवा एखाद्या संकेतस्थळाला आपणच सूचना पाठवण्याची परवानगी देऊन बसलो, तरी लक्षणे तशीच दिसतात. ‘तुमच्या यंत्रात १३ विषाणू आहेत’ असे ओरडणारी सूचना बहुधा अशाच परवानगीतून आलेली जाहिरात असते, आणि तिच्यावर बोट ठेवल्यानेच खरा आजार घरात येतो.

मग हे निदान कायमचे यंत्रावर सोपवता येणार नाही का? सर्व विषाणू अचूक ओळखणारी एकच आज्ञावली लिहिता येईल का? याचे उत्तर पुण्यातले दुकान उघडण्यापूर्वीच मिळालेले होते. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील विद्यार्थी फ्रेड कोहेन यांनी नोव्हेंबर १९८३ मध्ये एका व्हॅक्स संगणकावर स्वतःची प्रत काढणारी आज्ञावली चालवून दाखवली. प्रत्येक प्रयोगात तासाभराच्या आत तिने यंत्राचे सर्वाधिकार मिळवले. ‘व्हायरस’ हे नाव त्यांचे शिक्षक लिओनार्ड ॲडलमन यांनी सुचवले. कोहेन यांचा युक्तिवाद विद्यार्थ्यांनी मुद्दाम समजून घ्यावा असा आहे. समजा, कोणतीही आज्ञावली विषाणू आहे की नाही हे अचूक सांगणारा एक परीक्षक आहे. आता अशी आज्ञावली लिहू, जी त्या परीक्षकाला स्वतःविषयीच विचारते : ‘मी विषाणू आहे का?’ उत्तर ‘हो’ आले तर ती काहीच करत नाही. ‘नाही’ आले तर पसरू लागते. परीक्षक काहीही म्हणाला तरी खोटा ठरतो. म्हणून असा परिपूर्ण परीक्षक असूच शकत नाही. अँटिव्हायरस निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. त्याच्या हिरव्या शेऱ्याचा अर्थ ‘ओळखीचा रोग आढळला नाही’ एवढाच घ्यायचा. ‘रोग नाही’ असा नव्हे.

१९८४ मध्ये केन टॉम्प्सन यांचे ट्युरिंग पुरस्काराचे व्याख्यान प्रसिद्ध झाले आणि शंकेने आणखी एक जिना खाली उतरण्याचे धाडस केले. आज्ञावल्या ज्या साधनाने यंत्रभाषेत उतरवल्या जातात, ते साधनच दूषित असेल तर? मग मूळ मजकूर कितीही निर्मळ असला तरी तयार होणारी आज्ञावली दूषित निघेल, आणि मजकूर वाचून ते कधीच कळणार नाही. टॉम्प्सन यांचा निष्कर्ष असा, की जी आज्ञावली आपण स्वतः संपूर्ण घडवलेली नाही, तिच्यावर विश्वास ठेवताना ती घडवणाऱ्या माणसांवरच आपण विश्वास ठेवत असतो. तेव्हा हा तात्त्विक मुद्दा वाटला. पंधरा वर्षांनी, २६ एप्रिल १९९९ रोजी, तैवानमधील चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने लिहिलेल्या ‘सीआयएच’ विषाणूने चकत्या तर पुसल्याच, शिवाय संगणकाच्या मुख्य फलकावरील ‘बायोस’ ही मूळ आज्ञावलीही अनेक यंत्रांत खराब केली. अशा यंत्रात स्वच्छ फ्लॉपी घालूनही उपयोग नव्हता, कारण फ्लॉपी वाचायला सांगणारी आज्ञावलीच उरली नव्हती. आशियातील देशांना, भारतासह, त्याची झळ मोठी बसली.

टॅबलेटकडे येण्यापूर्वी पुन्हा बंगळुरूला यावे लागते. हातात धरून, पडद्याला स्पर्श करून चालवण्याचा स्वस्त संगणक सर्वसामान्य भारतीयाला मिळावा, हे स्वप्न या शहरात फार लवकर पाहिले गेले. भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअर ही कंपनी यांनी मिळून २००१ मध्ये ‘सिंप्युटर’चा नमुना सादर केला. तो लिनक्सवर चालत असे आणि स्मार्ट कार्डामुळे एकच यंत्र गावातल्या अनेकांना आळीपाळीने वापरता यावे अशी त्याची योजना होती. भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या सहभागाने त्याचा ‘अमिडा’ हा अवतार २००४ मध्ये बाजारात आला, पण विक्री अपेक्षेच्या मानाने फारच थोडी झाली. दहा वर्षांनी ते स्वप्न दुसऱ्या रूपात परतले. ५ ऑक्टोबर २०११ रोजी विद्यार्थ्यांसाठीच्या ‘आकाश’ टॅबलेटचे अनावरण झाले. सात इंची पडदा, २५६ मेगाबाइट स्मृती आणि अँड्रॉइड २.२. पुढच्या वर्षी ११ नोव्हेंबरला आलेल्या दुसऱ्या आवृत्तीच्या कामात मुंबईच्या आयआयटीचा आणि तेथील प्रा. दीपक फाटक यांचा मोठा वाटा होता. ‘आकाश’चे पुढे काय झाले, हा वेगळा विषय. मात्र एक गोष्ट त्याने पक्की केली. भारतात विद्यार्थ्याचा पहिला संगणक टेबलावरचा असेलच असे नाही, तो हातातला आणि स्वस्त असेल.

अँड्रॉइडच्या रचनाकारांनी जुन्या इतिहासातून धडा घेतला होता. प्रत्येक ॲपला स्वतंत्र खोली, शेजारच्या खोलीत डोकावण्यास मनाई आणि मूळ प्रणालीचा भाग फक्त वाचण्याजोगा. तरीही ऑगस्ट २०१० मध्ये चित्रफिती दाखवणारे साधे ॲप असल्याची बतावणी करून महागडे लघुसंदेश पाठवणारे ‘फेकप्लेअर’ सापडले. मार्च २०११ मध्ये ‘ड्रॉइडड्रीम’ तर गूगलच्या अधिकृत बाजारातच पन्नासाहून अधिक ॲपमध्ये लपलेले निघाले. जुलै २०१९ मध्ये चेक पॉइंट या संस्थेने ‘एजंट स्मिथ’ उघडकीस आणले. ते अनधिकृत ॲप-बाजारातून येई, गूगलशी संबंधित असल्याचा आव आणी आणि यंत्रावरील परिचित ॲपच्या जागी त्यांच्या भेसळयुक्त प्रती बसवी. संस्थेच्या अंदाजानुसार जगातील सुमारे अडीच कोटी यंत्रे बाधित होती आणि त्यांतील दीड कोटी एकट्या भारतात. फ्लॉपीच्या जागी अनोळखी बाजारातून उतरवलेली ॲपची फाइल आली, एवढाच फरक.

या इतिहासाच्या प्रकाशात टॅबलेट तपासण्याच्या पायऱ्या पाहिल्या, तर त्या पाठ कराव्या लागत नाहीत, आपोआप सुचतात. प्रथम यंत्र इंटरनेटपासून तोडायचे, म्हणजे आत कोणी असेल तर त्याचा बाहेरच्या धन्याशी संवाद थांबतो. बँकेचे व टपालाचे सांकेतिक शब्द दुसऱ्या, स्वच्छ यंत्रावरून बदलायचे; संशयित यंत्रावर बदललेला शब्द गुप्त राहिला असे मानता येत नाही. मग टॅबलेट ‘सेफ मोड’मध्ये सुरू करायचा. या अवस्थेत नंतर उतरवलेली ॲप झोपलेली राहतात, फक्त मूळ प्रणाली चालते. लक्षणे नाहीशी झाली, तर दोष उतरवलेल्या ॲपपैकी एकात आहे हे ठरले. आता यादी पाहायची : कोणत्या ॲपला यंत्राच्या प्रशासकाचे अधिकार आहेत, कोणाला पडद्यावरील सर्व मजकूर वाचण्याची सुलभता-सुविधा दिली आहे, कोण इतर ॲपच्या वर चित्र काढू शकते. टॉर्च किंवा वॉलपेपरच्या ॲपला या अधिकारांचे काय काम? अधिकार काढून घ्यायचा, ॲप काढून टाकायचे आणि यंत्र नेहमीसारखे सुरू करून लक्षणे पुन्हा पाहायची. तेवढ्याने न भागल्यास छायाचित्रे व दस्तऐवज बाजूला काढून यंत्र कारखान्यातून आले तसे कोरे करायचे. त्यानंतर जुनी ॲप एकदम परत न आणता एकेक करून आणायची. सगळी एकदम आणली, तर प्रयोगातील चल राशी वेगळी काढताच येत नाही.

येथे बहुसंख्य प्रकरणे मिटतात. जी मिटत नाहीत, त्यांच्यापाशी या इतिहासाचे ताजे पान उघडते. ‘सेफ मोड’ ही जुन्या स्वच्छ फ्लॉपीची वारसदार असली, तरी दोघींत एक मोठा भेद आहे. फ्लॉपी बाहेरून येत असे. ‘सेफ मोड’ संशयिताच्या घरातच राहते. यंत्र कोरे करतानाही वापरकर्त्याची माहिती तेवढी पुसली जाते, मूळ प्रणालीचा विभाग जसाच्या तसा राहतो. तो विभागच दूषित असेल तर? ‘ट्रायडा’ या मालवेअरने नेमके तेच केले. अँड्रॉइडमधील प्रत्येक ॲप ज्या एका मातृप्रक्रियेतून जन्मते, तिच्यातच ते शिरले. २०१७ मध्ये ते काही स्वस्त फोनच्या मूळ आज्ञावलीतच आढळले, आणि जून २०१९ मध्ये गूगलने कारण सांगितले. चेहरा ओळखून यंत्र उघडणे यांसारख्या सुविधा जोडून घेण्यासाठी निर्माते संपूर्ण प्रणालीची प्रत बाहेरच्या पुरवठादाराकडे पाठवत, आणि भेसळ त्या वाटेत झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ह्यूमन सिक्युरिटी या संस्थेने ‘बॅडबॉक्स’ उघड केले : टीव्हीला जोडायच्या पेट्या, फोन आणि टॅबलेट मिळून किमान ७४,००० यंत्रे खोके उघडण्यापूर्वीच बाधित होती. डिसेंबर २०२४ मध्ये जर्मनीच्या माहिती-सुरक्षा कार्यालयाने तेथील सुमारे ३०,००० यंत्रांचा बाहेरच्या धन्याशी असलेला संपर्क तोडला. जुलै २०२५ मध्ये गूगलने त्याच्या नव्या अवताराविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, तेव्हा आकडा एक कोटीच्या वर गेलेला होता. टॉम्प्सन यांचा तात्त्विक मुद्दा आता दुकानातल्या फळीवर मांडलेला होता.

अशा यंत्राचे निदान त्याच्या आत बसून होणारच नाही. बाहेरचा साक्षीदार शोधावा लागतो. घरातील राउटर हा एक साक्षीदार आहे : कोणी हात न लावलेला टॅबलेट मध्यरात्री अनोळखी ठिकाणांशी सतत बोलत असेल, तर ते राउटरच्या नोंदीत दिसू शकते. इंटरनेट सेवा पुरवणारी कंपनी हा दुसरा साक्षीदार. २१ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्ट-इन या राष्ट्रीय यंत्रणेने सुरू केलेले ‘सायबर स्वच्छता केंद्र’ याच तत्त्वावर चालते. बाधित यंत्रांची बाहेर होणारी संभाषणे ओळखायची, सेवा देणाऱ्या कंपनीमार्फत ग्राहकाला कळवायचे आणि सफाईची साधने मोफत द्यायची. पुण्यातल्या क्विक हीलनेही या केंद्रासाठी असे साधन दिले. सी-डॅकच्या हैदराबाद केंद्राने फोनसाठी ‘एम-कवच’ तयार केले. तिसरा उपाय मुळातला. प्रणाली सुरू होताना प्रत्येक पायरीने पुढच्या पायरीची सांकेतिक मोहोर तपासायची आणि त्या साखळीची पहिली कडी बदलता न येणाऱ्या चिपमध्ये ठेवायची. २०१६ मधील अँड्रॉइडच्या सातव्या आवृत्तीपासून हा नियम कडक झाला. ती चिप म्हणजे चिकटपट्टी लावलेल्या फ्लॉपीचेच आजचे रूप. मात्र मोहोर उमटवणारा निर्माताच बेफिकीर असेल, तर साखळी भेसळीचेही इमानाने रक्षण करते.

म्हणून टॅबलेटच्या निदानाची पहिली पायरी तो बिघडल्यानंतर येत नाही, विकत घेतानाच येते. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये यंत्र ‘प्ले प्रोटेक्ट’ प्रमाणित आहे की नाही, याची नोंद असते, ती पाहावी. निर्मात्याचे नाव-गाव कळते का, तो सुरक्षेच्या सुधारणा किती वर्षे देणार आहे, त्याच्या संकेतस्थळावर मूळ प्रणालीची प्रत मिळते का, हे विचारावे. अशी प्रत स्वच्छ संगणकावर उतरवून टॅबलेटवर नव्याने भरता येते, आणि तेव्हाच जुन्या फ्लॉपीची पूर्ण ताकद परत हातात येते. अनोळखी छापाच्या यंत्राला हा मार्गच नसतो. ते कितीही वेळा कोरे केले तरी पुन्हा तितकेच अविश्वसनीय राहते. अशा वेळी ते इंटरनेटपासून कायमचे तोडणे, हाच प्रामाणिक सल्ला.

हा सल्ला सर्वांत जड कोणाला जातो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. ज्याला प्रमाणित यंत्राचे चार-पाच हजार अधिक मोजता येतात, त्याला नाही. ज्या घरात मुलाचा अभ्यास, आईचे बँकखाते आणि वडिलांच्या कामाचे संदेश एकाच स्वस्त टॅबलेटवर चालतात, त्या घराला. औषधाच्या गोळीची तपासणी रोग्याने स्वतः करावी, अशी अपेक्षा आपण ठेवत नाही. ती गोळी कारखान्याबाहेर पडण्यापूर्वीच तपासलेली असावी, असा आग्रह धरतो आणि त्यासाठी कायदा करतो. कोट्यवधी विद्यार्थ्यांच्या हाती जाणाऱ्या यंत्राबाबतही तोच आग्रह हवा. फ्लॉपीवरची चिकटपट्टी ज्याने त्याने लावायची असे. आजच्या यंत्रावरची मोहोर कारखान्यात उमटते, आणि म्हणून तिची जबाबदारीही तेथेच ठरली पाहिजे.